मुलगी असल्यामुळे प्रवेश हुकतो का?

ताई, यजमानांची बदली न्यू जर्सीला होतेय, लेक नववीत आहे आणि पुढे तिला तिथल्या एखाद्या नावाजलेल्या, छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (म्हणजे कला-विज्ञानाचे सगळे विषय शिकवणारं, मुख्यतः पदवीपुरतं कॉलेज) शिकायचंय. मुलगी असल्यामुळे तिची संधी कमी होते का, असं तुम्ही विचारलंत. व्हिसा, घर, इन्शुरन्स यांवर सगळीकडे लिहिलेलं सापडेल, ते उगाळत नाही. पण हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

सरळ उत्तर: बऱ्याच ठिकाणी हो, थोडी कमी होते. या कॉलेजांना मुलींचे अर्जच जास्त येतात, आणि वर्गात साठ टक्के मुली झाल्या की मुलगे आणि मुली दोघंही यायला कां-कूं करतात, अशी त्यांना धास्ती. २००६ मध्ये ओहायोतल्या केनियन कॉलेजच्या प्रवेशप्रमुख बाईंनीच न्यूयॉर्क टाइम्समध्ये हे उघडपणे लिहिलं होतं. कायदा आड येत नाही. १९७२चा ‘टायटल नाइन’ कायदा शिक्षणात लिंगभेदाला बंदी करतो, पण खासगी कॉलेजांचे पदवीचे प्रवेश त्यातून वगळलेत. २०२३चा सुप्रीम कोर्टाचा प्रवेशांवरचा निकाल वंशाबद्दल होता, याबद्दल नाही.

व्हासार पूर्वी फक्त मुलींचं होतं, १९६९पासून मुलगे घेतात. तिथे मुलग्यांचा प्रवेशाचा टक्का, म्हणजे अर्ज केलेल्यांपैकी घेतलेले, वर्षानुवर्षं मुलींपेक्षा वर राहिलाय. हार्वी मड कॉलेजला विज्ञान-इंजिनीअरिंग, म्हणून बरोबर उलटं, मुलींचा टक्का वर. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्टला जवळपास तिसरा हिस्सा विद्यार्थी कॉलेजच्या संघांतून खेळणारी. त्यांच्या जागा वेगळ्याच वाटेने भरतात. बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ काढतात. त्यात सी-१ या तक्त्यात मुलगे किती, मुली किती, अर्ज किती, घेतले किती, सगळं असतं. मात्र नुसत्या टक्क्यावरून अन्याय सिद्ध होत नाही, कारण अर्ज करणारी मुलं सारखी नसतात.

हे तक्ते मी आमच्या लेकीचे निकाल लागून गेल्यावरही रात्री उघडून बसायचे. मुलगी होती म्हणून नाही मिळालं, असं म्हटलं की घरात कुणाकडे बोट जात नाही ना!

आम्ही आलो तेव्हा तीही नववी करून आली होती. इथल्या शाळेच्या ऑफिसात मी शाळा सोडल्याचा दाखला ठेवला. निळा शिक्का, अक्षरी जन्मतारीख, ‘प्रगती चांगली, वर्तणूक चांगली’. काउन्सेलर बाईंनी तो दोनदा उलटापालटा केला आणि विचारलं, यात कोर्स कुठे आहेत? आपलं गणित भाग एक बीजगणित, भाग दोन भूमिती, दोन्ही एकाच वर्षात. इथे प्रत्येकाला अख्खं वर्ष. म्हणजे यांच्या हिशेबी पोरीचं दोन्ही अर्धवट! गणिताला बसवलं मागच्या वर्गात. मराठीची नोंद ‘इतर’ या रकान्यात. मी मेल केले, भेटी घेतल्या, पुस्तकांचे फोटो दाखवले. ‘पुढच्या सेमिस्टरला बघू’ म्हणाले, ते बघणं आलंच नाही. बारावीपर्यंत तिचं कॅल्क्युलस झालं नाही, आणि या कॉलेजांत अर्ज करणाऱ्या बहुतेकांचं झालेलं असतं. हे मला अजून डाचतं, मुलगा-मुलगीपेक्षा कितीतरी जास्त.

दुसरं पैशाचं. वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास. एच-४ किंवा एल-२ वरच्या (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावरच्या) मुलांना केंद्र सरकारची मदत नाही, आणि कॉलेजच्या मदतीसाठी बरीच कॉलेजं त्यांना परदेशी विद्यार्थी धरतात. इथेच हायस्कूल केलं असलं तरी! मदत मागितली की परदेशी विद्यार्थ्याला प्रवेश मिळणं बहुतेक ठिकाणी अवघड होतं. अ‍ॅमहर्स्ट, बोडन अशी मोजकीच कॉलेजं मदत मागितलीय का हे न बघता निवड करतात. कॉलेजच्या मदतीसाठीचा ‘सीएसएस प्रोफाइल’ अर्ज भरताना सासूबाईंच्या नावावरच्या फ्लॅटचं काय लिहायचं यावरून आमचं घरात कडाक्याचं भांडण झालं. आणि एकवीस वर्षं पूर्ण झाली की हा एच-४ किंवा एल-२ व्हिसाही संपतो, तेव्हा कॉलेज चालू असतानाच विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा करावा लागतो.

मुलगी असण्याचा फायदा एका ठिकाणी नक्की, मुलींच्या कॉलेजांत: स्मिथ, माउंट होल्योक, ब्रिन मॉर, वेल्स्ली. तिथे मुलग्यांशी तुलनाच नाही. आमची मात्र ‘पुण्यात मुलींच्याच शाळेत होते, परत तेच?’ म्हणून अडून बसली. आता सरकारी विद्यापीठात आहे, मजेत. विषय काढला की ‘आई, सोड ना’ म्हणते.

एकटेपणाचं विचारलंयत. होतो. मंडळाच्या गणपतीला जा, गाडी शिका, भागतं.

निघायच्या आधी एक करा. शाळेकडून नववीच्या गणित आणि विज्ञानाचा धडावार अभ्यासक्रम इंग्रजीत, लेटरहेडवर, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने घ्या. वर्षाचे तास किती तेही त्यात लिहून मागा. जानेवारीतच जा, पुढे दहावीच्या परीक्षांत ऑफिसात कुणी दाद देत नाही.