‘माझ्या हातून चुकीची गोळी गेली तर?’

निवासी काळजी केंद्रांत काम करणाऱ्या मदतनीस माझ्याकडे येतात, तेव्हा बोलणं सुरू होतं पाठदुखीपासून, नाहीतर घरच्या ओढाताणीपासून. बऱ्याच वेळानं आवाज खाली येतो आणि वरचा प्रश्न निघतो. तो इतक्या जणींनी विचारलाय, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं होतं.

ज्या ताईंबद्दल लिहितेय (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत), त्यांच्या हातून तशी गोळी गेलीही होती. एकाच आडनावाचे दोन आजोबा. संध्याकाळच्या फेरीत एकांची रक्तदाबाची गोळी दुसऱ्यांना दिली गेली. रिकामी वाटी उचलताना ताईंच्या लक्षात आलं आणि त्या तशाच सिस्टरकडे धावल्या. डॉक्टरांना फोन झाला, रात्रभर आजोबांचा रक्तदाब मोजला गेला, सकाळी ते ठीक होते. पण सिस्टरनी ताईंना सगळ्यांसमोर झापलं. आणि सोबतची मदतनीस नंतर म्हणाली, “कशाला सांगितलंस? कुणाला कळलंही नसतं.”

तेव्हापासून ताईंची झोप उडाली. कपाट उघडून गोळ्यांच्या त्याच पट्ट्या पुन्हा मोजायच्या, घरी पोचल्यावर रात्रपाळीच्या बाईंना फोन करून “सगळे बरे आहेत ना?” विचारायचं. नोकरी सोडायची हे त्यांनी जवळजवळ ठरवलंच होतं.

“चुका सगळ्यांच्याच होतात, काळजी करू नका,” असं मी अशा वेळी म्हणत नाही. औषधाची चूक जिवावर बेतू शकते, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत असतं. म्हणून मी ताईंना संध्याकाळची फेरी पहिल्यापासून सांगायला लावली. सगळ्यांच्या गोळ्या आधीच वाट्यांत काढून ट्रेमध्ये मांडलेल्या. वाटीवर फक्त आडनाव. केंद्राचा फोन ताईंच्याच खिशात. मध्येच कुणाला बाथरूमला न्यायचं, कुणाच्या नातेवाइकाशी बोलायचं. औषधं दिल्याच्या तक्त्यावरच्या सह्या फेरी संपल्यावर, एकदम.

हे ऐकल्यावर ती चूक एका बाईच्या वेंधळेपणाची राहतच नाही. सिडनीतल्या दोन रुग्णालयांमधल्या परिचारिकांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. औषध देताना आलेल्या दर व्यत्ययामागे चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेलं त्यात दिसलं. त्या तर प्रशिक्षित परिचारिका होत्या.

योग्य व्यक्ती, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच नियम ताईंना पाठ होते. पण वाटीवर पूर्ण नावच नसेल तर पाठांतर काय करणार? मग आम्ही बसून ते नियम हातांच्या कामात उतरवले. एका वेळी एकाच व्यक्तीच्या गोळ्या काढायच्या, त्यांच्याजवळ उभं राहून, पाकीट आणि तक्ता शेजारी धरून. “तुम्हीच अमुक ना?” असं विचारायचं नाही, कारण स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा कशालाही हो म्हणतात. “तुमचं पूर्ण नाव सांगा” असं विचारायचं, आणि ज्यांना सांगता येत नाही त्यांचा फोटो तक्त्यावर हवा. गोळी गिळलेली डोळ्यांनी पाहायची आणि सही तिथेच करायची.

काही शंका त्यांनी कधी कुणाला विचारल्याच नव्हत्या. गिळता येत नाही म्हणून गोळी कुटून द्यावी का? विचारल्याशिवाय नाही. सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली गोळी कुटली, तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं. सांधेवातासाठी दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते; ती चुकून रोज दिल्यानं माणसं दगावली आहेत. आजी “नको” म्हणाल्या तर? जेवणात लपवून द्यायची नाही; नकाराची नोंद करायची आणि सिस्टरना कळवायचं. आणि ज्याचं प्रशिक्षण मिळालेलं नाही, नियमानं परवानगी नाही, ते काम “तेवढं देऊन टाक” असं कुणी सांगितलं तरी करायचं नाही. हे वरिष्ठांना सांगायला धैर्य लागतं, म्हणून ते वाक्य आम्ही मोठ्यानं बोलून सराव केला.

पट्ट्या पुन्हा पुन्हा मोजण्याचं मात्र वेगळं होतं. एकच गोष्ट वारंवार तपासली की खात्री वाढत नाही. आपल्याच आठवणीवरचा विश्वास कमी होतो. म्हणून ठरलं की तपासणी एकदाच, नाव ओठांनी उच्चारत, सही करण्याआधी. सही झाली की कपाट बंद. घरून फोन करायचा नाही. पहिले काही दिवस त्यांना हे फार जड गेलं, पण त्यांनी ते नेटानं केलं.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही दिला तो “कशाला सांगितलंस?” या वाक्याला. ताईंना स्वतःच्या चुकीपेक्षा सांगून टाकल्याचा पश्चात्ताप होत होता, आणि मला धोका तिथेच दिसत होता. त्या गप्प बसल्या असत्या, तर त्या रात्री आजोबांचा रक्तदाब कुणीही मोजला नसता. ते अंधारात बाथरूमला उठले असते, चक्कर येऊन पडले असते. मी त्यांना म्हटलं, “ताई, त्या संध्याकाळी केंद्रातलं सगळ्यात मोलाचं काम तुम्ही केलंत.” त्या बराच वेळ रडल्या. चूक झाल्यावर लगेच सांगायचं: कुणाला, कोणतं औषध, किती, किती वाजता. उलटी करवायची नाही, पुढचा डोस आपल्या मनानं गाळायचा नाही. ते डॉक्टर ठरवतील. अशा चुकीनंतर काळजी घेणारा माणूसही आतून मोडतो, हे अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० सालीच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं होतं. अशा माणसाला चारचौघांत झापलं की शेजारी उभे असलेले सगळे लपवायला शिकतात. केंद्र चालवणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ताईंनी नोकरी सोडली नाही. त्यांनी वरिष्ठांकडे तीन गोष्टी मागितल्या: तक्त्यावर फोटो, आधी काढून ठेवलेल्या वाट्या बंद, आणि औषधांच्या फेरीत फोन दुसऱ्या कुणाकडे. पहिल्या दोन मान्य झाल्या. फोन अजून त्यांच्याच खिशात असतो, आणि त्यासाठी त्या पुन्हा विचारणार आहेत.