एम्युलेटरवर मारिओ तोच दिसतो, मग आवाज लहानपणीसारखा का येत नाही?

तुम्ही विचारलंय की मोबाईलवर एम्युलेटर (जुन्या गेमच्या यंत्राची नक्कल करणारं ॲप) टाकून मारिओ खेळताना चित्र हुबेहूब येतं, पण म्युझिक 'आपलं' वाटत नाही, मध्येच कडकड होते, तर आवाजाचं एवढं मनावर घ्यावं का? घ्यावं. आणि तुमचे कान अगदी ठीक आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्यापैकी बहुतेक जण ज्यावर खेळले, ते निन्टेंडोचं यंत्र नव्हतंच. माझ्याकडेही कॅसेट फुंकून आणि टीव्हीचा चॅनेल जुळवून सुरू होणारा नकली डबाच होता. कॅसेटवर '९९९९ इन १' लिहिलेलं, आत खरे गेम वीस-पंचवीस. मारिओत वेळ १००च्या खाली गेली की म्युझिक धावायला लागतं, ते ऐकून आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "मेलास बघ आता." म्हणजे हा आवाज घरात न खेळणाऱ्यांनाही पाठ होता.

निन्टेंडोचं अस्सल यंत्र म्हणजे फॅमिकॉम, १९८३चा. त्यातली रिकोची २ए०३ ही चिप प्रोसेसरचं काम करता करता आवाजही काढते. तिला पाचच गळे: दोन पल्स (चौकोनी लाटेचे), एक ट्रँगल (त्रिकोणी लाटेचा), एक खरखरीचा आणि एक रेकॉर्ड केलेले तुकडे वाजवणारा. एवढ्यात म्युझिकही बसवायचं आणि उडीचा आवाजही. म्हणून मारिओ उडी मारतो तेव्हा पहिला पल्स उडीला जातो, नाणं मिळालं की दुसरा नाण्याला, आणि तेवढ्यापुरता तिथला सूर गप्प बसतो. नीट कान देऊन ऐका, खरंच ऐकू येतं.

आता खरी गंमत. पल्सचा आवाज कसा लागेल हे लाट किती वेळ 'वर' राहते यावर ठरतं: १२.५, २५, ५० किंवा ७५ टक्के. यालाच ड्युटी सायकल म्हणतात. २५ टक्क्यांचा आवाज नाकात, पुंगीसारखा. ५०चा पोकळ आणि गोल. हे निवडायला चिपकडे दोन बिटं असतात: ००, ०१, १०, ११. अनेक नकली चिपांमध्ये ही बिटं उलटी जोडली गेली. ०० आणि ११ उलटे केले तरी तेच राहतात, पण ०१ आणि १०ची अदलाबदल होते. म्हणजे जिथे पुंगी हवी तिथे पोकळ सूर आणि पोकळच्या जागी पुंगी. स्वर तेच, चाल तीच, गळा मात्र दुसऱ्याचा. तुमचा एम्युलेटर बरोबर वाजवतोय. लहानपणी आपण ऐकलं तेच चुकीचं होतं!

दुसरा फरक वेगाचा. जपानी यंत्र सेकंदाला साधारण ६० चित्रं काढतं. आपल्याकडचे टीव्ही पाल (PAL) नावाच्या पद्धतीचे, म्हणजे ५०चे. बरेच गेम प्रत्येक चित्रामागे म्युझिक एक पाऊल पुढे सरकवतात, त्यामुळे ५०च्या डब्यावर चाल सुमारे सतरा टक्के रेंगाळते. पाल टीव्हीसाठीच्या अशा क्लोनमध्ये (नकली डब्यांत) प्रोसेसरचा वेग मात्र मूळच्या जवळच, १.७७ मेगाहर्ट्झ ठेवलेला असे (मूळचा १.७९), त्यामुळे पट्टी जवळपास तीच राहायची. युरोपातल्या अस्सल यंत्राचा वेग १.६६, त्यामुळे न सुधारलेला गेम त्यावर चालवला तर पट्टीसुद्धा उतरते.

उपाय सोपा आहे. मेसेन किंवा एफसीईयूएमएम हे एम्युलेटर वापरत असाल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये ड्युटी सायकल 'स्वॅप' करण्याचा पर्याय आहे, आणि रिजनमध्ये 'डेंडी' मिळेल. डेंडी हा रशियात खपलेला असाच एक क्लोन.

कडकडीचं कारण वेगळं आहे. गेमची नेमकी गती सेकंदाला ६०.०९८८ चित्रं, तुमचा स्क्रीन ६०चा. स्क्रीनच्या तालावर गेम चालवला की सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या (आवाजाच्या बारीक तुकड्यांच्या) हिशेबात दर सेकंदाला ऐंशीच्या आसपास नमुने कमी पडतात. आधीच तयार ठेवलेल्या आवाजाचा ६४ मिलिसेकंदांचा साठा असेल तर तो चाळीसेक सेकंदांत रिकामा, आणि मग फट्! डोळ्याला एखादं चित्र हुकलेलं कळत नाही; कानाला मात्र लगेच कळतं. रेट्रोआर्च हे एम्युलेटर चालवणारं ॲप यावर आवाज कणभर ताणत-आखडत राहतं, तो पर्याय बंद केला असेल तर चालू करा. ब्लूटूथ हेडफोन असेल तर तो आधी काढा. बटण दाबल्यावर उडीचा आवाज मागाहून येतो आणि खेळायचा सगळा ठेकाच बिघडतो.

फोन हळू चालतो म्हणून आवाजाचं एम्युलेशनच (नक्कल करणंच) बंद करा, असा सल्ला काही जण देतात. माझ्या मते वाईट सल्ला. सुपर निन्टेंडो या फॅमिकॉमनंतरच्या यंत्रात आवाजाला स्वतंत्र प्रोसेसर आहे आणि सुरुवातीला मुख्य प्रोसेसर त्याच्या होकाराची वाट बघत थांबतो. होकार देणाराच नसेल तर गेम काळ्या पडद्यावर अडकून बसतो. नुसता व्हॉल्यूम शून्य करा, हरकत नाही.

सेटिंग बदलताना आधी फक्त ड्युटीचं बदला आणि एक लेव्हल खेळून बघा, डेंडी नंतर. सगळ्याच डब्यांत बिटं उलटी नव्हती. तुमच्या डब्यात ती सरळ असतील तर स्वॅप केल्यावर मारिओ आणखीनच परका वाटेल, मग ते काढून नुसतं डेंडी ठेवा.