वायकिंग शिकवताना फळ्यावर एकच प्रश्न ठेवा

तुमचा प्रश्न असा आहे: सुट्टीतल्या शिबिरात आठवी-नववीच्या मुलांना वायकिंगांवर, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या नॉर्वे-स्वीडन-डेन्मार्कमधल्या दर्यावर्दी लोकांवर, चार तास शिकवायचे आहेत. मालिका आणि गेममुळे त्यांच्या डोक्यात कुऱ्हाडी आणि शिंगांची शिरस्त्राणं घट्ट बसली आहेत, तर सुरुवात कुठून करावी?

त्यांचा उत्साह मोडू नका. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहा, 'हे आपल्याला कोणी सांगितलं?' आणि शेवटपर्यंत ते पुसू नका. या विषयात मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

शिंगांवर पाच मिनिटं पुरे. १८७६ साली जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेरासाठी शिवलेल्या पोशाखांतून ती लोकप्रिय झाली. नॉर्वेत येर्मुंडबू इथे १९४३ साली सापडलेलं खरं वायकिंग शिरस्त्राण दाखवा, त्याला शिंगं नाहीत.

वेळ द्यायचा तो इब्न फदलानला. बगदादच्या खलिफाचा हा दूत ९२२ साली व्होल्गा नदीकाठी रूस व्यापाऱ्यांना, म्हणजे पूर्वेकडे गेलेल्या वायकिंगांना, भेटला. खजुराच्या झाडासारखे उंच, असं त्यांचं कौतुक करतो आणि लगेच म्हणतो, यांच्याइतके घाणेरडे लोक नाहीत, सगळे एकाच पात्रातल्या पाण्यात तोंड धुतात. उलट इंग्लंडमधला वॉलिंगफोर्डचा जॉन तेराव्या शतकात लिहितो की डेन लोक (डेन्मार्ककडून आलेले वायकिंग) रोज केस विंचरत, दर शनिवारी अंघोळ करत. वर्गाचे दोन गट करा, एकेकाला एकेक साक्षीदार द्या आणि भांडू द्या. मग थडग्यांत सापडलेल्या सांबरशिंगाच्या फण्यांचे फोटो समोर ठेवा. इब्न फदलानसारख्या, वाहत्या पाण्याने हातपाय धुणाऱ्या माणसाला ते एक पात्र किळसवाणं वाटणारच, आणि जॉन तर दोनेकशे वर्षांनी लिहितोय, हे मुलं आपणहून शोधतात. आइसलँडमध्ये मागाहून लिहिलेल्या सागांनाही (वायकिंगांच्या गद्य कथांनाही) हाच प्रश्न लागू पडतो. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक ज्यांना कळतो, त्यांना सागा कशा वाचायच्या हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुसरा तास नकाशाचा. स्वीडनमधल्या हेल्ग्यो बेटावर १९५६ साली बुद्धाची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती सहाव्या शतकाच्या सुमारास भारतीय उपखंडाच्या वायव्येकडे घडवलेली. गोटलंड बेटावर दिऱ्हम या अरबी चांदीच्या नाण्यांचे ढीगच्या ढीग निघाले आहेत. ही चांदी कशाच्या बदल्यात आली, हे मुलांना विचारा. केसाळ कातडी हे उत्तर येईल. दुसरं उत्तर गुलाम, आणि ते तुम्हालाच द्यावं लागेल. इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर वायकिंगांनी ७९३ साली केलेल्या हल्ल्याबद्दल थरारून बोलणाऱ्या मुलांना, पकडून नेलेल्या माणसांचं पुढे काय होई हे कळलंच पाहिजे. इब्न फदलानने वर्णन केलेल्या अंत्यविधीत एका दासीला मारतात. या वयात त्याचे तपशील गाळा, पण ती दासी होती हे लपवू नका.

वायकिंगांच्या रून लिपीत नावं लिहायला मुलांना फार आवडतं. वायकिंग काळात अक्षरं फक्त १६ होती. क-ग आणि त-द यांना एकेकच चिन्ह. ब्लूटूथचं चिन्ह हे हाराल्ड ब्लूटूथ या डॅनिश राजाच्या आद्याक्षरांचे दोन रून जोडून केलंय, हेही सांगा. मात्र नाझींनी रून वापरले आणि आजही वंशद्वेषी गट वापरतात, हे त्याच तासात बोलून टाका. नेटवर मुलांना ते दिसणारच आहे.

वेळ कमी पडला तर थोर-ओडिन या वायकिंग देवांच्या कथा सोडा, त्या मुलं स्वतःच वाचून काढतात. नकाशाचा तास मात्र कापू नका.