साधी सर्दी की फ्लू? आणि घरातल्या आजींना कसं जपायचं?

मुलाला काल संध्याकाळपासून ताप आहे, परवा चाचणी परीक्षा आहे, शाळा बुडवू का, असं तुम्ही सर्वात शेवटी विचारलंय. माझ्या मते तोच खरा प्रश्न आहे. बुडवा.

सर्दी हळूहळू चढते. आज घसा खवखवतो, उद्या नाक गळतं, पोर मात्र खेळत असतं. फ्लू कधी सुरू झाला ते सांगता येतं: दुपारी डबा संपवला आणि सातला १०२ ताप, थंडी, अंग मोडून आलेलं, कोरडा खोकला. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण दोन दिवस लागतात, आणि लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस माणूस तो पसरवतो. लहान मुलं त्याहून जास्त दिवस.

सकाळी सातला पॅरासिटामॉल पाजून शाळेत पाठवणं मला अजिबात पटत नाही. अकराच्या सुमारास औषधाचा अंमल उतरतो, ताप पुन्हा चढतो आणि तोवर बाकावरच्या शेजाऱ्याला प्रसाद मिळालेला असतो. ताप गेला म्हणजे काय? औषध न देता पूर्ण २४ तास ताप नाही, तेव्हा गेला. शंभर टक्के हजेरीची बक्षिसं शाळांनी बंद करावीत हे मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. ताप अंगावर काढल्याचं कौतुक करायचं आणि मग अर्धा वर्ग आजारी पडला की हवेला दोष द्यायचा!

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला आणि रस्त्यावर जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला. पण रस्त्यापेक्षा घरात धोका जास्त. बेसिनशेजारचा तो एकच ओला नॅपकिन बघा: मुलगा शिंकतो, हात नुसते पाण्याखाली धरतो, त्याला पुसतो, पाच मिनिटांनी आजी त्यालाच तोंड पुसतात. तो नॅपकिन आजच काढा, प्रत्येकाचा वेगळा ठेवा. हात साबणाने २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. मुलाची झोपायची खोली वेगळी, खिडकी पावसातही फटभर उघडी. खोली एकच असेल तर दोघांत निदान सहा फूट अंतर आणि दोघांनाही मास्क. मास्क नाकावर हवा, हनुवटीवर नको. कापराची पुरचुंडी हुंगून विषाणू मरत नाही.

आजींना मधुमेह आहे असं लिहिलंय, म्हणून त्यांना ताप आला तर वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर उत्तम लागू पडतं, पण ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, उरलेली पट्टी संपवू नका. दरवर्षीची लस आपल्याकडे पावसाळ्याआधी, एप्रिल-मेमध्ये घ्यावी. तिचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात.

एक राहिलं. पावसाळ्यात डेंग्यूचा तापही असाच अचानक चढतो, बहुधा खोकल्याशिवाय, आणि त्यात काही तापाच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घरच्या घरी देऊ नका. आणि धाप लागली, छातीत दुखलं, ओठ-नखं निळसर झाली, पोर गुंगीत राहिलं, किंवा ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा खोकल्यासकट उसळला, तर हे उत्तर वाचत बसू नका, दवाखाना गाठा.