तीन कार्डं, वाक्य एक

प्रश्न: टॅरोच्या, म्हणजे भविष्य वाचायच्या, ७८ कार्डांचे अर्थ एकेक विचारले तर मी धडाधड सांगू शकते, पण तीन एकत्र आली की तीन वेगळे परिच्छेद वाचून दाखवल्यासारखं होतं. नोकरी सोडू का म्हणून काढली तर एट ऑफ पेंटॅकल्स, फाइव्ह ऑफ कप्स आणि नाइट ऑफ स्वोर्ड्स आली. यांची सांगड कशी घालायची?

उत्तर: पाठ केलेले अर्थ जरा बाजूला ठेवा आणि चित्रं बघा. तुमचा डेक, म्हणजे कार्डांचा संच, रायडर-वेट असेल असं धरते, १९०९ चा तो, त्यात पामेला कोलमन स्मिथने साध्या नंबरच्या कार्डांवरही अख्खे प्रसंग काढलेत, म्हणून तर कार्डं शेजारी ठेवून गोष्ट वाचता येते.

मधलं कार्ड मुख्य, फाइव्ह ऑफ कप्स. काळ्या झग्यातला माणूस सांडलेल्या तीन कपांकडे बघत उभा आहे, मागे दोन कप शाबूत आहेत पण त्याचं लक्षच नाही. डावीकडे एट ऑफ पेंटॅकल्समधला कारागीर मान खाली घालून काम करतोय. आणि उजवीकडचा नाइट तलवार उपसून भरधाव निघालाय, त्याचं तोंड डावीकडे, म्हणजे तो थेट त्या शाबूत कपांवरच घोडा घालतोय की! आता एका दमात बोला: इतकं मन लावून काम केलं तरी हाती काही लागलं नाही याचं दुःख आहे, आणि त्या भरात तडकाफडकी राजीनामा दिला तर उरलंय तेही तुडवलं जाईल. सोडूच नका असं काही यात नाही हां, बोट घाईकडे आहे.

हाच नाइट पहिला, मग कप्स, मग कारागीर अशी आली असती तर? आधी घाई, मग पस्तावा, मग पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसणं. कार्डं तीच.

तत्त्वांचंही बघतात लोक, कप्स पाणी, पेंटॅकल्स पृथ्वी, हे दोघं एकमेकांना बळ देतात, स्वोर्ड्स म्हणजे वारा आणि त्याचं पृथ्वीशी जमत नाही, म्हणजे इथे कारागीर आणि नाइट एकमेकांचंच बळ कमी करतात आणि मधल्यावर दोघांचाही फारसा परिणाम होत नाही. ही गोल्डन डॉन नावाच्या गूढविद्येच्या मंडळाची पद्धत, उपयोगी आहे पण मी चित्रानंतरच वापरते.

जोड्यांच्या अर्थांच्या याद्या मात्र पाठ करू नका, क्रम सोडला तरी ३००३ जोड्या होतात! आणि नाही कळलं म्हणून चौथं, पाचवं कार्ड ओढत बसू नका, तिघांचं वाक्य होत नाही तिथे पाचांचं कुठून होणार.