जॅकी चॅनला खरंच मारामारी येते का, की सगळ्या नुसत्या कोलांट्या?

येते. पण रिंगणात उतरून त्याने कुणाला लोळवलंय का असं विचारत असाल, तर नाही. ब्रूस ली तरी व्यावसायिक रिंगणात कुठे उतरला होता? त्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तुमचं ते ‘नुसत्या कोलांट्या’ वाचून डोकं फिरलं, कारण हेच मी माझ्या आतेभावाकडून वर्षानुवर्षं ऐकत आलोय. मी मल्लखांब करायचो, तो कराटेच्या क्लासला जायचा. त्याच्या मते त्याची ती युद्धकला आणि माझी ती सर्कस. मे महिन्यात आत्याकडे सगळी भावंडं जमली की भाड्याने व्हीसीआर यायचा. एका सुट्टीत त्यावर ‘पोलीस स्टोरी’ लागला. १९८५ चा सिनेमा. शेवटच्या मारामारीत जॅकी मॉलच्या वरच्या मजल्यावरून झेपावतो, मधल्या खांबाला मिठी मारतो आणि दिव्यांच्या माळा फोडत सरळ खाली येऊन आदळतो. हे लागोपाठ तीनदा दाखवलंय. आतेभाऊ लगेच म्हणाला, “तीनदा दाखवलं म्हणजे जोडाजोडी केलीये.” अरे बाबा, उडी एकच आहे, ती निरनिराळ्या बाजूंनी टिपलीये! उडी मारणारा कोण आहे ते लपवायचं असतं, तर तीनदा कशाला दाखवली असती?

मी समजावून सांगितलं. मल्लखांबाला आपण एरंडेल लावतो ते काही हौस म्हणून नाही. कोरड्या खांबावरून सरकलात तर मांडीची सालटं निघतात. वेग आवरायचा असतो पायांच्या अढीने, म्हणजे विळख्याने, हातांवर भिस्त ठेवलीत की तळवे गेलेच. आणि इथे तर खांबाभोवती तापलेले दिवे! त्याचे तळवे भाजले होते ते उगाच नाही. तरी आतेभावाचं आपलं “काही नाही रे, ट्रिक असते.” मग मी गच्चीवर गेलो आणि खाली उतरणाऱ्या लोखंडी पाइपला अढी घालून सरसर अंगणात आलो, हाफ पँटमध्ये. मांडीला गंज लागला, खरचटलं, तळहात लालबुंद झाले. आत्याने हळद लावता लावता दोन धपाटेही घातले. मी म्हटलं, “आता तू.” कराटेचा ब्राऊन बेल्ट वर गेला, कठड्याशी आला, खाली डोकावला, आणि त्याला एकदम तहान लागली.

असो. जॅकीचा जन्म १९५४ चा, हाँगकाँगचा. आईवडील फ्रेंच वकिलातीतल्या बड्या अधिकाऱ्याच्या घरी कामाला. पोराला सातव्या वर्षाच्या आसपास यू जिम-युएन यांच्या पेकिंग ऑपेराच्या, म्हणजे चिनी संगीत नाटकाच्या, शाळेत टाकलं, तेही दहा वर्षांचा करार करून. गाणं, अभिनय, शस्त्रं, उलट्या उड्या, हातांवर तासन् तास उभं राहणं, आणि चुकलं की छडी. पुढे मारधाडपटांत नाव काढलेले सॅमो हंग आणि युएन बियाओ तिथलेच. ही पोरं बाहेर पडली तोवर ऑपेराचा प्रेक्षक आटला होता, म्हणून सिनेमात मार खायची कामं धरली. १९७३ च्या ‘एंटर द ड्रॅगन’मध्ये ब्रूस ली ज्याचे केस धरून मान मोडतो ना, तो जॅकीच!

त्याच वर्षी ली गेला, बत्तिसाव्या वर्षी. दुसरा ब्रूस ली हवा म्हणून दिग्दर्शक लो वेईने जॅकीला त्याच साच्यात ठोकून बसवला. ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’ (१९७६) आपटला, मागोमाग आणखी आपटले. त्या चेहऱ्याला ती धुमसणारी सूडबुद्धी शोभतच नव्हती. १९७८ मध्ये दुसऱ्या कंपनीने त्याला उसना घेतला. दिग्दर्शक युएन वू-पिंगने त्याला मार खाणारा, कळवळणारा, वात्रट नायक केला. ‘स्नेक इन द ईगल्स शॅडो’ आणि ‘ड्रंकन मास्टर’ दोन्ही त्याच वर्षी आले, दोन्ही तुफान चालले. म्हणजे त्याला वर काढलं ते कोलांट्यांनीच. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईत मल्लखांब उभा केला तो तरी कुणासाठी? पैलवानांसाठीच ना? पण हे आमच्या ब्राऊन बेल्टला कोण सांगणार!

हां, एक मान्य करतो. सगळेच स्टंट तो स्वतः करतो हे खरं नाही. बदली माणसं त्यानेही वापरली आहेत, आणि वय झाल्यावर तारांचा आधारही घेतला. आणि धाडस म्हणजे दरवेळी मोठी उडी असंही नाही. १९८६ मध्ये युगोस्लाव्हियात ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी एका झाडावरून पडला आणि कवटी फुटली. त्याच्या मानाने ती उडी किरकोळच होती.

ब्रूस लीशी तुलना करायची तर ली वेगात सरस, पण पडावं कसं ते जॅकीकडूनच शिकावं. मुलाला क्लासला घालायचा विचार असेल, तर आधी वर्षभर मल्लखांब नाहीतर जिम्नॅस्टिक्स करू द्या, पट्ट्यांचे रंग नंतर बघू. आणि त्याला १९७८ पासून १९९४ च्या ‘ड्रंकन मास्टर २’पर्यंतचे सिनेमे दाखवा. नंतरचे हॉलिवूडवाले सोडले तरी चालतील. फक्त शेवटी नावं सुरू झाली की उठू नका, आपटल्याचे आणि चुकल्याचे तुकडे बऱ्याचदा तिथेच असतात.