पाच विजेतेपदे मोठी की सात? पाक से-रीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दक्षिण कोरियाच्या पाक इन-बीने गोल्फमधील सात मेजर (वर्षातील मोजक्या, सर्वांत मानाच्या) स्पर्धा जिंकल्या, पाक से-रीने पाच. तरीही कोरियन महिला गोल्फचा विषय निघाला की पहिले नाव से-रीचे का घेतले जाते? हा केवळ जुन्या आठवणींचा लोभ नव्हे काय?

उत्तर : निव्वळ विजेतेपदे मोजायची असतील, तर आपले म्हणणे मान्य करावे लागेल, इन-बीकडे 2016 चे ऑलिम्पिक सुवर्णपदकही आहे. (दोघींचे आडनाव एक असले तरी नाते नाही, कोरियात हे आडनाव सर्रास आढळते.) परंतु से-रीचे मोल समजण्यासाठी 1998 कडे वळले पाहिजे. कोरियन महिलेने अमेरिकेतील एलपीजीए या महिला व्यावसायिक गोल्फ मालिकेतील स्पर्धा जिंकण्याची ती पहिली वेळ नव्हती. तो मान कु ओक-ही यांनी 1988 मध्येच मिळवला होता. मात्र आशियाई आर्थिक संकटाने देश खचलेला असताना वीस वर्षांची से-री अमेरिकेतील पहिल्याच हंगामात एलपीजीए अजिंक्यपद ही मेजर स्पर्धा पटकावते आणि पाठोपाठ जुलैमध्ये विस्कॉन्सिनमधील ब्लॅकवुल्फ रन मैदानावर यूएस ओपन ही दुसरी मेजरही जिंकते, ही गोष्ट कोरियात क्रीडापानापुरती राहणे शक्य नव्हते.

त्या यूएस ओपनमध्ये चार फेऱ्यांनंतर से-री आणि अमेरिकेची हौशी खेळाडू जेनी चुआसिरिपोर्न यांची बरोबरी झाली. दुसऱ्या दिवशीच्या अठरा होलांच्या प्ले-ऑफमध्ये (बरोबरी सोडवण्याच्या जादा फेरीत) अखेरच्या होलवर से-रीचा चेंडू पाणवठ्याच्या उतारावर, दाट गवतात अडकला. दंडाचा एक फटका पत्करून चेंडू बाहेर घेण्याची मुभा होती. तिने बूट-मोजे काढले, पाण्यात उतरून चेंडू सुरक्षित बाजूला मारला आणि बरोबरी टिकवली. त्यानंतर सडन डेथच्या (जी आधी एखादा होल जिंकेल ती विजेती) दुसऱ्या होलवर, म्हणजे एकूण विसाव्या जादा होलवर, बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी) करून ती जिंकली. त्या फटक्याला चमत्कार म्हणण्याची प्रथा मला पटत नाही. चेंडू थेट ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) नेण्याचा मोह टाळून तिने नुकसान तेवढे आवरले, आणि खरे कौशल्य त्यातच होते.

तो सामना पाहून गोल्फकडे वळलेल्या मुलींना कोरियात ‘से-री किड्स’ म्हणतात. इन-बी त्यांतलीच, 2008 मध्ये एकोणिसाव्या वर्षी यूएस ओपन जिंकून तिने से-रीचा सर्वांत लहान विजेतीचा विक्रम मोडला. पुढे 2012 मध्ये याच ब्लॅकवुल्फ रनवर चोई ना-योनने ही स्पर्धा जिंकली, आणि रिओ ऑलिम्पिकमध्ये इन-बीने सुवर्ण मिळवले तेव्हा संघाची प्रशिक्षक से-रीच होती. म्हणून इन-बीची सात विजेतेपदे से-रीच्या पाचांसमोर ठेवून वजन करणे मला मुळातच गैरलागू वाटते.

प्रश्न : 2004 मध्येच गुण पूर्ण झाले असताना एलपीजीएच्या ‘हॉल ऑफ फेम’चा (थोर खेळाडूंच्या यादीत समावेशाचा) मान से-रीला 2007 पर्यंत का मिळाला नाही?

उत्तर : त्या काळी 27 गुणांबरोबर एलपीजीएवरील दहा हंगामांचीही अट होती. मे 2004 पर्यंत तिची मेजर धरून एकूण 22 एलपीजीए विजेतेपदे झाली होती; त्यांतल्या 18 स्पर्धांचा प्रत्येकी एक गुण, चार मेजर स्पर्धांचे प्रत्येकी दोन आणि 2003 च्या सर्वोत्तम (प्रत्येक फेरीतील सर्वांत कमी फटक्यांच्या) सरासरीबद्दलच्या व्हेअर ट्रॉफीचा एक, असे बरोबर 27 भरतात. पहिला हंगाम 1998 चा असल्याने दहावा 2007 मध्ये पुरा झाला. दरम्यान तिचा खेळ घसरला आणि 2005 हे वर्ष दुखापतींतच गेले. गुणांच्या दृष्टीने मिळवण्यासारखे काही उरले नसताना 2006 मध्ये कॅरी वेबला प्ले-ऑफमध्ये हरवून तिने एलपीजीए अजिंक्यपद तिसऱ्यांदा जिंकले, आणि मला तिच्या सर्व विजयांत हाच अधिक मोलाचा वाटतो.

प्रश्न : तिने चारही मेजर स्पर्धा जिंकल्या होत्या काय?

उत्तर : नाही. 2001 मध्ये ब्रिटिश ओपन जिंकल्यावर कॅलिफोर्नियातील क्राफ्ट नाबिस्को अजिंक्यपद एवढेच उरले होते, आणि 2016 मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तिच्या हाती लागले नाही.